बोर्ड बदलला आणि लायसन्स गेलं: फॉरमॅट थांबवा, आधी आकडे जुळवा

ताई, तुमच्या मेसेजमधलं शेवटचं वाक्य वाचून लगेच लिहायला बसलो. "टेक्निशियन सांगून राहिला की परत एकदा पूर्ण फॉरमॅट मारू, सगळं येऊन जाईल." येणार नाही. उलट जे थोडंफार हातात आहे तेही जाईल. आज त्याला थांबवा, आणि ती जुनी हार्डडिस्क कोणाला देऊ नका, पुसू नका, सरळ कपाटात ठेवा.

बाकीच्यांनाही समजावं म्हणून आधी थोडक्यात प्रकरण सांगतो. ताईंचं नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीत डाय आणि फिक्स्चरचं (कारखान्यात लागणारे साचे आणि पकडी) युनिट आहे. पहिल्या पावसात वीज कडाडली आणि डिझाईनच्या मशीनचा मदरबोर्ड गेला, बर्डीच्या बाजारातून नवा बोर्ड आणला, हात लागलाच आहे तर जुनी हार्डडिस्क काढून एसएसडी टाकली आणि विंडोज नव्याने टाकलं. आता तीन एरर आहेत. विंडोज म्हणतं ॲक्टिव्हेट करा, कॅमचं सॉफ्टवेअर (डिझाईनवरून मशीनिंगचा प्रोग्राम बनवणारं) म्हणतं "इनव्हॅलिड होस्ट, मायनस ९", म्हणजे हे मशीन माझं नाही, आणि वायरकटचं (तारेने धातू कापणाऱ्या मशीनचं) डोंगलवालं, म्हणजे लायसन्सची यूएसबी लावून चालणारं सॉफ्टवेअर म्हणतं "की नॉट फाऊंड", म्हणजे डोंगल सापडलं नाही. सॉफ्टवेअर तिन्ही पैसे देऊन घेतलेले, बिलं आहेत.

हे तीन एरर एकाच दिवशी आले म्हणून एकच आजार वाटतो, पण तिघांची कारणं वेगळी आणि इलाजही वेगळे. म्हणूनच फॉरमॅटने काही होत नाही, कारण लायसन्सवालं सॉफ्टवेअर खराब झालेलंच नाही, ते आपलं काम बरोबर करून राहिलं आहे. त्याला सांगितलेलं असतं की अमुक नंबरच्या मशीनवरच चाल, ते मशीनचा नंबर वाचतं, स्वतःजवळच्या नंबरशी जुळवतं, जुळला नाही की थांबतं. तेव्हा आपल्याला एवढंच शोधायचं असतं की ते नेमका कोणता नंबर वाचतं, त्याच्याकडे काय लिहिलंय आणि आज मशीनवर काय आहे. हे दोन आकडे कागदावर शेजारी शेजारी लिहिले की अर्ध्याहून जास्त केसेस तिथेच उलगडतात, आणि माझ्याकडे येणारे बहुतेक लोक हे सोडून बाकी सगळं करून आलेले असतात.

कॅमपासून सुरू करतो, कारण त्यात सगळ्यात जास्त वेळ जातो. मायनस ९ आणि इनव्हॅलिड होस्ट हे शब्द फ्लेक्सनेट नावाच्या लायसन्स सिस्टीमचे, जुने लोक हिला फ्लेक्सएलएम म्हणतात, कॅड, कॅम, ॲनालिसिस, इलेक्ट्रॉनिक्स डिझाईन अशा बऱ्याच महागड्या सॉफ्टवेअरमध्ये हीच असते. लायसन्सची फाईल साधी टेक्स्ट असते, नोटपॅडमध्ये उघडा. तिच्यात इन्क्रिमेंट किंवा फीचर शब्दाने सुरू होणाऱ्या ओळी दिसतील, त्यांत होस्टआयडी असं लिहून बरोबरच्या चिन्हापुढे काहीतरी असेल. नेटवर्क लायसन्स असेल तर हाच आकडा सर्व्हर शब्दाने सुरू होणाऱ्या वरच्या ओळीत असतो. हे काहीतरी काय आहे त्यावर पुढचं सगळं ठरतं.

सलग बारा अक्षरांचा आकडा असेल, शून्य ते नऊ आणि ए ते एफ, तर तो मॅक ॲड्रेस, म्हणजे लॅन कार्डचा नंबर. डिस्क सिरीयल नम असं लिहून पुढे आठ अक्षरं असतील तर तो व्हॉल्यूमचा, म्हणजे डिस्कवरच्या पार्टिशनचा नंबर. फ्लेक्सआयडी लिहिलं असेल तर ते डोंगलला बांधलेलं आहे.

तुमच्या केसमध्ये माझा अंदाज मॅकचा आहे, कारण मॅक हा बोर्डवरच्या लॅन चिपचा असतो आणि बोर्ड बदलला की तो बदलणारच. बघायचं कसं, तर कमांड प्रॉम्प्ट उघडून आयपीकॉन्फिग स्लॅश ऑल मारा, फिजिकल ॲड्रेस नावाच्या ओळी येतील. एकच नाही येणार, तीन-चार येतील आणि इथेच लोक घोळ घालतात. वायरवाल्या लॅनचा वेगळा, वायफायचा वेगळा, ब्लूटूथचा वेगळा, आणि व्हीपीएन किंवा व्हर्च्युअलबॉक्स टाकलं असेल तर त्याच्या नकली कार्डाचा अजून वेगळा. व्हेंडरला नंबर पाठवताना इथर्नेट नाव असलेल्या खऱ्या वायरवाल्या कार्डाचाच द्या. सॉफ्टवेअरच्या फोल्डरमध्ये एलएमयूटिल नावाची छोटी फाईल असते, ती एलएमहोस्टआयडी लिहून चालवली तर फ्लेक्सनेटला स्वतःला कोणते नंबर दिसून राहिलेत ते थेट कळतं, आणि शेवटी तिला काय दिसतं तेच महत्त्वाचं.

धरमपेठेतल्या एका ड्रॉइंग ऑफिसचं सांगतो, तिथे लायसन्स कधी चालायचं कधी नाही, आणि तीन जणांनी तीनदा सॉफ्टवेअर काढून परत टाकलं होतं. मी दोन्ही आकडे कागदावर लिहिले. फाईलमधल्या नंबरच्या शेवटी होतं ४ए ७एफ, मशीनवर वायफायच्या नंबरच्या शेवटी होतं ९१ ०सी, दुपारी परत बघितलं तर तिसरंच काहीतरी. लायसन्स घेताना कोणीतरी वायफायचा नंबर दिलेला, आणि विंडोजच्या वायफाय सेटिंगमध्ये रँडम हार्डवेअर ॲड्रेस नावाचं बटण चालू होतं, ते नेटवर्कप्रमाणे नंबर बदलवतं. ऑफिसच्या वायफायवर एक नंबर, मोबाईलच्या हॉटस्पॉटवर दुसरा. बटण बंद केलं, खरा नंबर परत आला आणि लायसन्स उभं राहिलं. नवीन काहीच टाकावं लागलं नाही.

आणखी एक गोष्ट आपल्याकडे पावसाळ्यात हमखास होते. वीज ब्रॉडबँडच्या केबलमधून येते आणि फक्त लॅन पोर्ट मरतो, बोर्ड चालू राहतो. मग टेक्निशियन एक यूएसबीचं लॅन कार्ड लावून देतो आणि बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन जुनं ऑनबोर्ड लॅन बंद करून टाकतो. नेट सुरू झालं म्हणून सगळे खूश, आणि संध्याकाळी कॅम उघडत नाही. अशा वेळी आधी बायोसमध्ये ते ऑनबोर्ड लॅन परत चालू करून बघा. पोर्ट मेला तरी चिप जिवंत असेल तर तिचा नंबर वाचता येतो, त्यासाठी केबल लावलेली असायची गरज नाही. नेट यूएसबीवर चालू द्या, लायसन्स जुन्या चिपवर. तुमचा तर पूर्ण बोर्डच गेला म्हणून तुम्हाला हे लागू नाही, पण वाचणाऱ्यांपैकी कोणाचे तरी पैसे वाचतील.

समजा फाईलमध्ये डिस्क सिरीयल निघालं, तर ताई तुमचं नशीब चांगलं आहे. हा नंबर डिस्कवर कंपनीने छापलेला नंबर नाही, तो विंडोज फॉरमॅट करताना त्या पार्टिशनला देतं. कमांड प्रॉम्प्टमध्ये व्होल आणि सी ड्राईव्ह लिहिलं की दिसतो, चार-चार अक्षरांचे दोन तुकडे. म्हणून नव्याने विंडोज टाकलं की तो बदलतो, पण जुन्या डिस्कचा हुबेहूब क्लोन एसएसडीवर केला तर तो तसाच येतो. तुमची जुनी डिस्क शाबूत आहे, म्हणजे क्लोनचा मार्ग अजून मोकळा आहे. कपाटात ठेवा म्हणालो ते यासाठीच. तरी बोर्ड बदलल्याचं व्हेंडरला कळवून ठेवा, उद्या सपोर्ट मागताना भानगड नको.

फाईल जुन्या डिस्कवरून काढून आणलीत की नोटपॅडमध्ये जुना मॅक खोडून नवा टाकायचा मोह होईल. होत नाही तसं. होस्टआयडी, तारीख, फीचरचं नाव हे सगळं मिळून एक सही तयार झालेली असते आणि ती त्याच ओळीत शेवटी असते, एक अक्षर बदललं की मायनस ९ ऐवजी मायनस ८ येईल, म्हणजे सही जुळत नाही. सर्व्हरच्या ओळीतलं मशीनचं नाव आणि पोर्ट मात्र आपण बदलू शकतो, ते सहीत येत नाही. काही जण सांगतील की लॅन कार्डाच्या ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये जुना नंबर टाईप करा. करू नका. तुम्ही हक्काने मिळणारी गोष्ट मागून राहिलात, ती चोरून कशाला घ्यायची, आणि अपडेटनंतर ती सेटिंग उडाली की ऐन डिलिव्हरीच्या दिवशी परत अडकाल.

हक्काचा मार्ग म्हणजे रीहोस्ट. जुनं मशीन गेलं, नव्या नंबरवर लायसन्स काढून द्या, असं व्हेंडरला सांगायचं. मेल मोघम असला की चार दिवस नुसते प्रश्न-उत्तरात जातात, म्हणून पहिल्याच मेलमध्ये सगळं टाका: सॉफ्टवेअरचा सिरीयल नंबर आणि व्हर्जन, जुना होस्टआयडी, नवा होस्टआयडी, एररचा स्क्रीनशॉट, बिलाची कॉपी, बोर्ड बदलल्याचं बर्डीवरचं बिल, आणि लेटरहेडवर दोन ओळी की जुना बोर्ड निकामी झाला आहे आणि जुनं लायसन्स आम्ही वापरणार नाही. हे लेटर बरेच व्हेंडर मागतातच. मेंटेनन्स (सपोर्टचा करार) संपला असेल तर काही जण चार्ज लावतात, कितीचा ते आधी लिहून मागा, आणि कोणी म्हटलं की नवीन लायसन्सच घ्यावं लागेल तर आपल्या करारात मशीन बदलण्याबद्दल काय लिहिलंय ते आधी वाचा. एका युनिटला त्यांच्या डीलरने सरळ नवीन लायसन्सचं कोटेशन दिलं होतं, करारात रीहोस्टची सोय स्पष्ट लिहिलेली होती, मूळ कंपनीला मेल केल्यावर फाईल आली. माणूस घाबरलेला असतो, काम अडलेलं असतं, त्या वेळी त्याला असं फिरवणं मला अजिबात पटत नाही.

काही सॉफ्टवेअरमध्ये फाईलच नसते, ऑनलाईन ॲक्टिव्हेशन असतं आणि मशीनचा ठसा डिस्कवर लपवून ठेवलेला असतो. त्यात जुना फोल्डर कॉपी करून काही मिळत नाही. तिथे जुनं मशीन चालू असतानाच डीॲक्टिव्हेट किंवा रिटर्न करायचं असतं. टॅलीतही तेच, लायसन्स सरेंडर करायचा पर्याय दिलेला आहे, मशीन बदलण्याआधी तो वापरला की नव्या मशीनवर सरळ ॲक्टिव्हेट होतं. तुमच्या अकाउंटच्या मशीनवर टॅली असेलच, ते मशीन बदलायचं ठरलं की हे लक्षात ठेवा.

आता डोंगल. इथे बोर्डाचा नंबर वगैरे काही नसतं, लायसन्स त्या यूएसबीच्या आतच असतं, म्हणून बोर्ड बदलला तरी ते चालायलाच पाहिजे. नाही चालत म्हणजे एकतर ड्रायव्हर नाही, नाहीतर पोर्टची भानगड. त्या वायरकटच्या सॉफ्टवेअरचं डोंगल सेंटिनेल किंवा हास्पचं असेल तर ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट कोलन १९४७ उघडा. पान उघडलंच नाही तर रनटाईम (डोंगलचा ड्रायव्हर) टाकलेलं नाही किंवा त्याची सर्व्हिस बंद आहे. पान उघडलं आणि डोंगलच्या ("कीज") यादीत काहीच नाही तर डोंगल विंडोजपर्यंत पोचलंच नाही. यादीत आहे आणि तरी सॉफ्टवेअर नाही म्हणतं, तर डोंगल दुसऱ्याच सॉफ्टवेअरचं आहे किंवा त्यात तुमच्या व्हर्जनचं फीचर नाही. या एका पानाने तीन शक्यता वेगळ्या होतात, तरी फार कमी लोक ते उघडून बघतात.

ड्रायव्हर शोधताना नावाने गोंधळू नका, ही कंपनी हात बदलत आली आहे, आधी अलादिन, मग सेफनेट, मग जेमाल्टो आणि २०१९ पासून थेल्स. डोंगलवर जुनं नाव असलं तरी रनटाईम आता थेल्सच्या साईटवर किंवा तुमच्या व्हेंडरकडे मिळतं. सॉफ्टवेअरच्या जुन्या सीडीतला ड्रायव्हर टाकू नका. आणि नव्याने विंडोज ११ टाकलं असेल तर विंडोज सिक्युरिटीत कोअर आयसोलेशनमध्ये मेमरी इंटिग्रिटी नावाचं बटण बघा, ते बऱ्याचदा आपोआप चालू असतं आणि जुने ड्रायव्हर ते लोडच होऊ देत नाही. जुन्या विंडोज १० वर चालणारं डोंगल नव्या टाकणीवर मेलं असं वाटतं त्याचं हे मोठं कारण. ते बटण बंद करण्याआधी नवा ड्रायव्हर टाकून बघा, कारण ते सुरक्षेसाठीच दिलेलं आहे.

पोर्टचं म्हणाल तर डोंगल कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टमध्ये किंवा हबवर लावू नका, मागे थेट बोर्डावर लावा. शॉपफ्लोअरजवळच्या मशीनला ग्राइंडिंगची बारीक धूळ आणि उन्हाळ्यात समोर कूलर, ती ओली हवा आणि धूळ मिळून पुढच्या पोर्टचे कॉन्टॅक्ट काळे पडतात. डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी रूट हबच्या पॉवर मॅनेजमेंटमधली वीज वाचवायला बंद करायची टिक काढून टाका, नाहीतर जेवायला गेलं की डोंगल झोपतं. आणि घरून रिमोट डेस्कटॉपने बघून राहिला असाल तर काही डोंगल तसं चालूच देत नाहीत, मशीनसमोर बसून एकदा तपासा मगच पुढचं.

विंडोजचं सगळ्यात सोपं आहे आणि घाईही नाही, ॲक्टिव्हेट नसलं तरी काम करता येतं, कोपऱ्यात पाटी दिसते आणि वॉलपेपरसारख्या सेटिंग बदलता येत नाहीत एवढंच. सेटिंगमधल्या ॲक्टिव्हेशनच्या पानावर शेवटी एफ२११ असलेला कोड दिसत असेल तर त्याचा अर्थच हार्डवेअर बदललं असा आहे. रन मध्ये एसएलएमजीआर स्लॅश डीएलव्ही मारा, रिटेल (वेगळं विकत घेतलेलं) आहे की ओईएम (मशीनसोबत आलेलं) ते कळेल. फक्त आता तुमच्याकडे विंडोज नव्याने टाकलेलं आहे, म्हणून खात्रीसाठी जुनं बिल किंवा स्टिकरही बघा. रिटेल असेल तर नव्या बोर्डवर नेता येतं, मायक्रोसॉफ्ट अकाउंटशी आधी जोडलेलं असेल तर ट्रबलशूटरमध्ये जाऊन हार्डवेअर नुकतंच बदललं हा पर्याय निवडायचा. ओईएम असेल तर ते पहिल्या बोर्डाशी बांधलेलं असतं, ब्रँडेड मशीन असून कंपनीनेच बोर्ड बदलून दिला तर जुळवून देणं त्यांचं काम, पण बाजारातून दुसरा बोर्ड आणला तर बहुतेक नवीन लायसन्स घ्यावं लागतं. रॅम किंवा ग्राफिक कार्ड बदलून सहसा काही होत नाही.

एक तपासणी मात्र या सगळ्याच्या आधी करा, तारीख. नव्या बोर्डावर बायोसची तारीख चुकीची असते, जुन्या बोर्डात सीआर२०३२ चा गोल सेल उतरलेला असतो, आणि तारीख चुकली की फ्लेक्सनेट मायनस ८८ देतं, म्हणजे घड्याळ मागे केलंय. मशीन एकदा चुकून पुढच्या सालात चालली आणि त्या तारखेच्या फाईली तयार झाल्या, तर नंतर तारीख बरोबर केली तरी त्या पुढच्या तारखेच्या फाईली बघून ते अडतं. त्या शोधून दुरुस्त कराव्या लागतात. म्हणून ट्रायल वाढवायला किंवा संपलेलं लायसन्स चालवायला तारीख मागेपुढे करायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका.

तसंच "डोंगलचा इम्युलेटर टाकून देतो", म्हणजे डोंगलची नक्कल करणारा प्रोग्राम, असं म्हणणाऱ्यालाही दारातून परत पाठवा. तो विंडोजची ड्रायव्हरची सुरक्षा बंद करून कुठून आणलेला ड्रायव्हर टाकेल, तुमच्या ग्राहकांची ड्रॉइंग त्याच मशीनवर आहेत. आणि कायद्याचंही आहे, १९५७ च्या कॉपीराइट ॲक्टच्या कलम ६३बी मध्ये सॉफ्टवेअरची बेकायदा कॉपी जाणूनबुजून वापरली तर ७ दिवसांपासून ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपासून २ लाखांपर्यंत दंड आहे. तुमच्याकडे बिलं असताना या फंदात पडायचं कारणच नाही.

तर आज असं करा. तारीख बघा. जुनी डिस्क यूएसबी केसमध्ये लावा, तिच्यात विंडोजने फॉरमॅट करू का विचारलं तर नाही म्हणा, आणि त्यातून कॅमची लायसन्स फाईल काढून पेनड्राईव्हवर ठेवा. फाईलमधला आकडा आणि मशीनवरचा आकडा लिहा, मॅक असेल तर रीहोस्टचा मेल आजच टाका, कारण उत्तराला वेळ तिकडेच लागतो. तो येईपर्यंत डोंगलचं उरका म्हणजे वायरकट तरी सुरू होईल. विंडोज सगळ्यात शेवटी.

अडलात तर फाईलमधल्या होस्टआयडीचा तेवढाच तुकडा, आयपीकॉन्फिगचा फोटो आणि १९४७ च्या पानाचा फोटो मला पाठवा. पूर्ण लायसन्स फाईल मात्र ग्रुपवर टाकू नका, तिच्यात तुमच्या लायसन्सची सही असते.